पारूआत्याची नजर

आमच्या वस्तीवर कुणाच्या पायात काटा मोडला की लोक त्याला पारूकडे पाठवायचे. करवंदीचा असो, बाभळीचा असो, कितीही खोल गेलेला असो. पारू म्हणजे माझी आत्या, वडलांची धाकटी बहीण. आलेल्याचा पाय ती मांडीवर घ्यायची, पदराने टाच पुसायची आणि नाक पायाला लागेल इतकी वाकून सुईच्या टोकाने कातडी उकलायची. शेजारी बसलेल्यांना तिथे नुसती धूळ दिसायची. आत्या म्हणायची, "हा बघा, हितं दडून बसलाय," आणि केसाएवढा काटा बोटावर घेऊन दाखवायची. मग गुळाचा खडा तापवून त्या जागी चटका द्यायची आणि वर बजावायची की आता आठ दिवस तरी बघून चाल.

वेल्ह्याच्या वर डोंगराच्या सपाटीवर आमच्या धनगरांची पाच-सहा घरं होती. शेरडं, गाई, दोन-चार म्हशी. तिन्हीसांजेला सुईत दोरा ओवायचा असला की पारू, तांदळातले पांढरे खडे निवडायचे असले की पारू, पोरींच्या डोक्यातल्या लिखा काढायच्या असल्या तरी पारूच. माझे आजोबा गेनबा आल्यागेल्याला कौतुकाने सांगायचे, "आमच्या पारूची नजर म्हंजी घारीची हाय."

त्याच पारूला दहा-बारा हातांवरचा माणूस ओळखू येत नव्हता. तिची चाळिशी उलटेपर्यंत हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिच्याही नाही. तिला वाटायचं, लांबचं सगळ्यांना असंच दिसत असणार, पावसाळ्यात ढग खाली उतरल्यावर दिसतं तसं. आपल्याला जे दिसतं तेवढंच जग असतं असं लहान मूल धरून चालतं. आपल्याला कमी दिसतंय हे त्याला कळायला आधी जास्त दिसलेलं असावं लागतं.

ती शाळेत गेली होती, दोन वर्षं. डोंगर उतरून खाली गावात जायचं. मुली मागे बसायच्या, गुरुजी फळ्यावर लिहायचे. आत्या शेजारणीच्या पाटीत बघून लिहायची, आणि शेजारीण आली नाही त्या दिवशी पाटी कोरी. गुरुजींनी आजोबांना निरोप पाठवला की पोरगी गरीब आहे, पण तिच्या डोक्यात काही शिरत नाही. मग तिला शेरडांमागे लावायचं ठरलं.

पण आमच्या घरात शेरडं अशी हातात मिळत नसत. आधी नजर दाखवावी लागे. घरामागच्या टेपाडावर आजोबा पोराला उभं करायचे आणि समोरच्या उतारावर चरणारी शेरडं ओळखायला सांगायचे. कोणती आपली, कोणती शेजाऱ्याची, भुरी कुठे आहे, गाभण कोणती. माझ्या वडलांनी, कोंडिबांनी, हे सहा वर्षांचे असताना करून दाखवलं होतं. आत्यानेही दाखवलं, आणि एकही नाव चुकली नाही. आजोबा खूश झाले. ती डोळे बारीक करून उताराकडे बघत होती ते त्यांनी पाहिलं. ती कान देऊन ऐकत होती ते त्यांना दिसलं नाही. प्रत्येक शेरडाच्या गळ्यात निरनिराळी घंटा होती. एक पितळेची, एक फुटकी, एक लाकडी, एकीच्या गळ्यात नुसती घुंगरं. आत्याला त्या सगळ्या पाठ होत्या. यात तिला कसली लबाडी वाटली नाही. शेरडं ओळखायची म्हणजे ऐकायचीच असतात, असंच तिला वाटत होतं.

तीन-चार पावसाळे तिने शेरडं छान राखली. पुढे एका उन्हाळ्यात बिबट्या फिरू लागला. खालच्या वाडीतली दोन वासरं गेली. घंटेच्या आवाजावर तो येतो असं कुणीतरी आजोबांच्या डोक्यात भरवलं आणि आजोबांनी सगळ्या शेरडांच्या गळ्यातल्या घंटा काढून टाकल्या. त्या दिवसापासून आत्याची शेरडं हरवायला लागली. एक दुसऱ्याच्या कळपात गेली, एक ओढ्याच्या पलीकडे राहिली, आणि एक गाभण शेळी तिच्या डोळ्यांदेखत म्हणावी अशी बिबट्याने उचलली. वरच्या बाजूने वडील ओरडत होते, हात करून दाखवत होते. आत्या त्याच दिशेला तोंड करून उभी होती, आणि हलली नाही.

आजोबांनी तिला मारलं नाही. एवढंच म्हणाले, "डोळं उघडं ठिवून झोपतीस व्हय गं?" ते तिला माराहून लागलं. हा प्रसंग तिने मला कितीदा तरी सांगितला असेल. सांगताना तिचा हात आपोआप कानाकडे जायचा.

घंटा काढल्या आणि पोरगी आंधळी झाली, हे इतकं उघड होतं. पण काटा काढणाऱ्या, दोरा ओवणाऱ्या पोरीच्या डोळ्यांवर संशय कोण घेणार? नजर एवढी तेज, तरी शेरडं हरवते, म्हणजे पोरगी निष्काळजी. सगळ्यांनी असाच हिशेब मांडला. शेरडं राखायचं काम दुसऱ्याकडे गेलं आणि आत्या घरात ताक घुसळायला बसली.

तिला दिली राजगडाच्या पायथ्याच्या पालीत. माझ्या लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या त्या घरात गेल्या. गडावर जाणारी वाट तिच्या अंगणाच्या कडेने जायची. रविवारी शहरातली पोरं पाठीवर पिशव्या घेऊन यायची, आत्याच्या ओट्यावर टेकायची, ताक प्यायची, येताना पिठलं-भाकरी करून ठेवा म्हणून सांगून वर जायची. मी भाकऱ्या मोजायला आणि पाणी द्यायला. चुलीपाशी बसल्या बसल्या आत्या मला विचारायची, "पोहोचली का गं वर पोरं?" मी दारात जाऊन बघून सांगायची. मला वाटायचं, तिला चुलीपासून उठायचा कंटाळा येतो.

पालीत सुरुवातीला तिचं नाव चांगलं झालं नाही. वाटेत कुणी हात केला तर ही बघत नाही, पाणवठ्यावर बाया हसल्या तर ही हसत नाही. बाई लई तोऱ्याची, असं ठरलं. तिच्या जावेने तर तोंडावर सांगितलं होतं की आम्ही काय भिकारी आहोत का, ओळख दाखवायला लाज वाटते ती. आत्याला यातलं काही उमगायचं नाही. आपण जवळ गेलो की सगळ्या गोड बोलतात आणि मागे नावं ठेवतात, एवढंच तिला कळायचं. मग ती घरातच राहायला लागली.

तिच्या नवऱ्याला, ज्ञानोबा मामांना, काय कळलं होतं आणि काय नाही, ते देव जाणे. बोलणारा माणूस नव्हता तो. पण शेतावरून घरी येताना बांधापासूनच ते खोकायला सुरुवात करायचे. खोकला नसताना. दोन वेळा, मग थोडं थांबून एकदा. आत्या लगेच चहाचं आधण ठेवायची. मी मामांना एकदा विचारलं होतं की तुम्ही औषध का घेत नाही. ते म्हणाले, "ह्यो औषधानं जायचा खोकला न्हाई." आणि हसत आत गेले.

मी पाचवीत असताना वेल्ह्याच्या शाळेत डोळे तपासायचं शिबिर भरलं. आत्याच्या सासूला मोतीबिंदू झाला होता, म्हणून तिला घेऊन आम्ही गेलो. वर्गाच्या एका टोकाला भिंतीवर पांढरा तक्ता होता. त्यावर तीन दात्यांच्या कंगव्यासारख्या खुणा, कुणाचे दाते वर, कुणाचे खाली. अक्षर न येणाऱ्यांनी बोटाने दिशा दाखवायची. सासूबाई गोंधळल्या तेव्हा आत्या मागून त्यांच्या कानात सांगायला लागली. वर, खाली, डावीकडं. तपासणारा तरुण मुलगा थोडा वेळ ऐकत राहिला आणि मग हसून म्हणाला, "मावशी, कॉपी करायची तर बरोबर तरी सांगा. तुमचं एकही बरोबर नाही." खोलीतले सगळे हसले. मग त्याने हसणं थांबवलं आणि आत्यालाच खुर्चीत बसवलं.

काचा बदलायची ती लोखंडी चौकट तिच्या नाकावर चढवून तो एकेक भिंग घालत गेला. बराच वेळ घालत होता. शेवटी म्हणाला, आता बाहेर बघा.

आत्या दारात आली. समोर तोरणा होता. ती वर बघायला लागली, तशीच मान वर करून बघत राहिली. मग मला हळूच विचारलं, "अशे, त्ये काय फिरतंय गं वर?"

मी म्हटलं, "घार आहे आत्या."

"ही घार?"

जन्मभर तिने कोंबड्या पाळल्या होत्या. घार आली म्हणून ओरडा झाला की सगळ्यांबरोबर धावत जाऊन पिल्लांवर पाटी झाकली होती. घारीची शीळ तिने हजारदा ऐकली होती. घार मात्र पहिल्यांदा बघत होती. तिला हसू फुटलं. हसताना डोळ्यांतून पाणी आलं आणि भिंगं धुरकटली. "बाबा म्हनायचं पारूला घारीची नजर. अन् म्या घारच न्हवती बघितली."

चष्मा शिबिराच्या पुढच्या फेरीत मिळाला. जाड भिंगांचा, काळ्या काड्यांचा. तो लावून ती पालीला आली तेव्हा उतारावर दोनदा अडखळली, कारण जमीन एकदम खूप खरी झाली होती. अंगणात बसून गडाकडे बघत राहिली. पाली दरवाजाच्या वाटेवर माणसं चढत होती, लाल, निळी, पिवळी. इतकी वर्षं भाकरी खाऊन ही पोरं कुठे जातात ते तिला त्या दिवशी दिसलं. आणि मग बांधावरून मामा आले, खोकत. ती उठून उभी राहिली आणि ते अंगणात पोहोचायच्या आत म्हणाली, "आता खोकू नका. दिसताय तुमी."

मामांनी तिच्याकडे बघितलं, चष्म्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा खोकत आले. सवय जात नाही माणसाची. गेले त्या वर्षापर्यंत ते बांधावरून खोकत येत होते.

ही गोष्ट इथे संपली असती तर मी ती लेकीला झोपवताना हसत हसत सांगत राहिले असते. पण पारूआत्याचा उजवा डोळा आता नाही. दिसायला आहे, दृष्टी नाही. साठीच्या पुढे एकदा तिला त्या डोळ्यासमोर काजवे चमकल्यासारखे दिसायला लागले, मग खालून काळा पडदा वर येत गेला. चष्म्याची काच खराब झाली असेल म्हणून ती पदराने पुसत राहिली. माझ्या वडलांना कळेपर्यंत बरेच दिवस गेले होते. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या आतला पडदा सुटला आहे आणि फार उशीर झाला आहे. एवढा मोठा नंबर असलेल्यांना ही भीती जास्त असते, लहानपणापासून कुणी लक्ष ठेवलं होतं का, असं त्यांनी विचारलं. काय सांगणार होते वडील, की आम्ही तिच्याकडून काटे काढून घेत होतो?

मी आता भोरमध्ये राहते. माझे यजमान सोमनाथ दुधाचा टेम्पो चालवतात, घरात सासूबाई आहेत आणि आमची प्रगती तिसरीत आहे. शांत मुलगी. चित्रं काढते, तीही इतकी बारीक की मुंगीचे पाय मोजून घ्यावेत. वहीवर नाक टेकवून काढते. मी सरळ बस म्हणायचे, ती बसायची, पुन्हा वाकायची. टीव्हीच्या पुढे जाऊन उभी राहायची. ते सगळ्याच मुलांचं असतं असं मीही धरून चालले होते. शाळेत डोळे तपासायला माणसं आली होती, त्यात ती पास झाली होती.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी सासूबाई उशीचा अभ्रा शिवत होत्या. सुईत दोरा जाईना. प्रगतीने सुई घेतली, डोळ्यांपाशी नेली आणि एका झटक्यात दोरा ओवून दिला. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "पोरीची नजर काय तेज आहे बघ, अश्विनी."

मी भाजी चिरत होते. विळीवरचा हात तसाच थांबला.

संध्याकाळी तिला घेऊन मी मुद्दाम एसटी स्टँडवर गेले. गाडी लागली की पाटी वाचायला सांगायची. ती भराभरा सांगत होती. पुणे, महाड, वेल्हे. सगळं बरोबर. माझ्या छातीवरचं ओझं उतरायला लागलं होतं. मग एक गाडी आली, तिचा कंडक्टर खाली उतरून गावाचं नाव न पुकारता आतच बसून राहिला, आणि त्या गाडीची पाटी प्रगतीला वाचता आली नाही. ती बोटाने डोळ्याचा कोपरा ओढून बघत होती. मान जरा वाकडी, कान गाडीकडे. आत्याच बसली होती माझ्या शेजारी, आठ वर्षांची.

डोळ्यांच्या डॉक्टर बाईंकडे गेलो तेव्हा प्रगतीने तक्त्याच्या वरच्या दोन ओळींनंतर जमिनीकडे बघायला सुरुवात केली. बाईंनी विचारलं, शाळेत कसं वाचलंस मग? प्रगतीने माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाली, "पुढच्या मुलीचं पाठ केलं."

डॉक्टर बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, पुष्कळ मुलं करतात, त्यांना वाटतं ही परीक्षा आहे. मग त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. मूल वाढतं तसा डोळाही वाढतो, आणि काही मुलांचा डोळा हवा त्यापेक्षा लांबट होत जातो. जवळचं स्वच्छ दिसतं, लांबचं पुसट. एकदा लांबलेला डोळा परत आखूड होत नाही, पण लांबायचा वेग कमी करता येतो, तोही लहानपणीच. नंबरचा चष्मा दिवसभर लावायचा. चष्म्याने नंबर वाढतो हे खोटं आहे. रोज दीड-दोन तास तरी बाहेर, दिवसाच्या उजेडात खेळू द्यायचं. वही-पुस्तक-मोबाईल हातभर लांब, आणि मधेमधे उठून लांब बघायचं. रात्री झोपताना डोळ्यांत एक थेंब टाकायचं औषध, तेही तपासून दिलेलंच, आपल्या मनाने नाही. आणि दर सहा महिन्यांनी नंबर बघायचा.

मी त्यांना आत्याचं सांगितलं. ती तर सगळा जन्म रानात, उन्हात होती. मोबाईल सोडा, घरात वीजही नव्हती. त्या म्हणाल्या, काहींना हे घराण्यातूनच येतं आणि जोरात येतं, त्यांना नुसता उजेड पुरत नाही. म्हणून तर हिच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं. आत्याचा नंबर वाढत होता तेव्हा तो मोजणारं कुणी नव्हतं, एवढाच फरक आहे.

घरी आल्यावर सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि त्यांना ते पटलं नाही. दोरा ओवते त्या पोरीला चष्मा कशाला. एवढ्या लवकर लावला की डोळ्याला सवय लागते आणि भिंगं जाड होत जातात. आणि उद्या तिला बघायला येतील तेव्हा काय सांगायचं. सोमनाथही म्हणाले, वर्षभर थांबून बघू, गाजर-पालक देऊ. मी भांडले नाही. एवढंच म्हटलं, की आमच्या आत्याच्या वेळी सगळे थांबूनच बघत होते. सोमनाथांनी आत्याचा तो डोळा पाहिलेला आहे. चष्मा दुसऱ्या दिवशी करायला टाकला.

पण चष्मा येऊन उपयोग नव्हता, कारण प्रगती तो लावत नव्हती. वर्गातल्या पोरांनी तिला ढापणी म्हणायला सुरुवात केली होती. घरातून लावून जायची, रस्त्याच्या वळणावर काढून दप्तरात टाकायची. वर्गाच्या बाईंनी मला बोलावून सांगितलं तेव्हा कळलं. मी समजावलं, रागावले, एकदा रडलेसुद्धा तिच्यासमोर. तिने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

दिवाळीत तिला पालीला घेऊन गेले. आत्याला मी काही सांगितलं नव्हतं. ती ओट्यावर बसली होती, प्रगती अंगणात, चष्मा पिशवीत. आत्याने सहज विचारलं, "पोरी, गडाव मान्सं चढत्यात का गं?"

प्रगतीने वर बघितलं. "हो आत्याआजी, चढतायत."

"किती हायती?"

"खूप आहेत."

आत्याने अंगणाच्या कडेच्या वाटेकडे बोट केलं. मग म्हणाली, "वाट माज्या अंगणातनं जाती. सकाळधरनं एकबी मानूस वर गेलं न्हाई."

प्रगती लालबुंद झाली. आत्याने तिला जवळ बसवून घेतलं. मला वाटलं, आता काहीतरी उपदेश करेल. पण ती तिला शेरडांच्या घंटा सांगायला लागली. फुटकी कशी वाजायची, लाकडी कशी, तोंडाने आवाज काढून. प्रगती हसली. मग घंटा काढल्या तो दिवस सांगितला. गाभण शेळीचं सांगितलं. तेव्हा ती हसायची थांबली.

"म्याबी तुज्यासारखं व्हय-व्हय करायची," आत्या म्हणाली. "लोक म्हनत्यात दिसलं, की म्याबी म्हनायची दिसलं. त्यात चाळीस वरसं गेली. लगीन झाल्याव आमचं मालक माज्यासाठी बांधापासनं खोकत यायचं, म्हनून निभावलं. तुज्यासाठी कोन खोकत फिरंल गं?"

"पोरं ढापणी म्हणतात," प्रगती म्हणाली.

"मला तोऱ्याची म्हनायची. त्यापरीस ढापनी बरं. त्यांची तोंडं तरी दिसतील तुला."

प्रगतीने उठून पिशवीतून चष्मा आणला. लगेच लावला नाही. हातात धरून बसली. जेवण झाल्यावर मी बघितलं तर लावलेला होता, आणि ती कुंपणाशी उभी राहून शेजाऱ्याच्या शेळ्यांना नावं ठेवत होती. नावं ठेवत म्हणजे खरोखरच, एकीचं भुरी, एकीचं मोती.

तेव्हापासून चष्मा उतरला नाही. वर्गात अजून दोघांना चष्मा लागला, त्यामुळे ढापणी म्हणण्यातली मजाही गेली. उजेडाचं काम सासूबाईंनी आपणहून अंगावर घेतलं. चष्मा त्यांना अजून पूर्ण पटलेला नाही, पण ऊन पटलं. शाळा सुटली की त्या तिला हाताला धरून नदीकाठी नेतात, आपण पायरीवर बसतात आणि ती घरी चल म्हणाली तरी उठत नाहीत. डॉक्टर बाईंनी सांगितलेला वेळ अजून भरला नाही, खेळ, म्हणतात. नातीपेक्षा आजीच जास्त काळवंडली आहे.

सहा महिन्यांनी नंबर बघितला. थोडासा वाढला होता. माझा चेहरा बघून डॉक्टर बाई म्हणाल्या, हा वेग चांगला आहे, एवढाच राहिला तर मला आनंद आहे. थांबलेला नाही, हे मला कळतं. ती मोठी होईपर्यंत दर सहा महिन्यांनी त्या खुर्चीशेजारी माझा जीव असाच टांगलेला राहणार, हेही कळतं. पण मोजायला कुणीतरी बसलं आहे.

मे महिन्यात प्रगतीला पालीला ठेवलं होतं. परवा तिला आणायला गेले. एसटीतून उतरून मधल्या वाटेने निघाले आणि करवंदीच्या जाळीजवळ चपलेच्या पट्टीतून काटा आत शिरून मोडला. तशीच लंगडत निघाले. बांधावर आले आणि सवयीने खोकले, दोनदा, मग एकदा. आत्याला डाव्या डोळ्यानेही आता फार लांबचं दिसत नाही, म्हणून घरातले आम्ही सगळेच हल्ली खोकत येतो.

वरून, घरामागच्या उंचवट्यावरून, प्रगतीचा आवाज आला. ती मला सांगत नव्हती, आत्याला सांगत होती. "आत्याआजी, आई आलीय. हिरवी साडी आहे. आणि तिच्या पायाला काहीतरी झालंय, डावा पाय टेकत नाहीये."

मी ओट्यावर पोहोचेपर्यंत आत्याने सुई काढून ठेवली होती. तिने माझा पाय मांडीवर घेतला, पदराने टाच पुसली. मग डोळ्यांवरचा जाड चष्मा काढून प्रगतीच्या हातात दिला, आणि नाक माझ्या पायाला लागेल इतकी खाली वाकली.